जावयाने खाल्लेला रोट आणि साडेसहा कोटी वर्षांची कानबाई

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥
(अजून तरी प्रसन्न आहे असं धरून चाललोय.)

धरणगाव,
श्रावण शुद्ध त्रयोदशी, मंगळवार, शके १९१४

तीर्थस्वरूप अभिमननाना यांच्या पायांवर (ते तुम्ही मागे घेणार नाही असं समजून) धाकटा चुलतभाऊ लोटन डोकं ठेवतो आणि हात जोडून विनवतो की पत्र पुरतं वाचल्याशिवाय फाडू नये.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमचे गुडघे कसे आहेत? भिकुबाई वहिनींचा खोकला पावसाळ्यात उचल खातो, त्यांना म्हणावं अडुळशाचा काढा सोडू नका. माझं म्हणाल तर पोटाचं दुखणं तुम्हाला ठाऊक नसेल, कारण ते तुम्ही धुळ्याला गेल्यानंतरचं आहे. दर श्रावणात वर येतं. डॉक्टर म्हणतात गव्हाचं जड खाणं कमी करा, आणि श्रावणात ते कमी करणं माझ्या हातात नाही; का नाही, ते जमलं तर शेवटी लिहीन. यंदा मात्र पोट ठणठणीत आहे. पोट सोडून बाकी सगळं बिघडलंय.

इतक्या वर्षांनी तुम्हाला पत्र लिहितोय. कानबाई धरणगावात राहावी की धुळ्याला जावी यावरून आपलं जे झालं, आणि तुम्ही जोडीची रानबाई पिशवीत घालून एस.टी.त बसलात, त्याबद्दल मी आज एक अक्षर लिहिणार नाही. (लिहायला बसलो तर वना कंडक्टरची गाडी सुटेल. हे पत्र त्याच्याच हाती पाठवतोय, पोस्टाचा भरवसा धरायला वेळ नाही.) पण नाना, घरात जे घडलं त्याने माझी वाचा बसली आहे. हात चालतोय तेवढ्यात लिहून घेतो.

परवा रविवारी आपल्याकडे कानबाईचे रोट होते. तुम्हाला सगळं माहीत आहे. पण शहरात राहून माणसाला बारीकसारीक गोष्टींचा विसर पडतो (हे दूषण म्हणून लिहीत नाही), म्हणून आधी नियम लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हालाही माझ्याइतकाच धक्का बसेल. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई चौरंगावर बसते. कानबाई म्हणजे आपलं ते पिढीजात नारळ, हळदीकुंकवाची पुटं चढून चढून जे आता लहानशा कलिंगडाएवढं दिसतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, घरच्या जात्यावर दळायचे, आणि त्या पिठाचे रोट फक्त आपल्या भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या तोंडात तुकडासुद्धा जाता कामा नये. लेक लग्न होऊन गेली की तीही परकी. उरलेले रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे, तेही आपणच. ज्याने रोट खाल्ला तो भाऊबंद, आणि जो भाऊबंद तो... पण थांबा, हे ओळीने सांगायला हवं, नाहीतर माझंच डोकं फिरेल.

आता जावईबापू. सुगंधाचं लग्न वैशाखात झालं. (पत्रिका पोचली असेलच, तुम्ही आला नाहीत त्याबद्दल मी काही बोलत नाही, नुसतं कंसात लिहितोय.) जयवंतराव माणूस सोन्यासारखा. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरला गेले ते तिकडचेच झाले, त्यामुळे रक्त खानदेशी असूनही गिलक्याची भजी आणि कानबाई या दोन्ही गोष्टी त्यांनी आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिल्या. पुण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. मी उभा जन्म प्राथमिक शाळेत भूगोल शिकवला. मी जमिनीच्या वरचं शिकवलं, ते आतलं शिकवतात, तेव्हा सासऱ्या-जावयाचं चांगलं जमेल असं मला वाटलं. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी आधी आमच्या ओट्याचा दगड निरखला आणि मग सुगंधाकडे पाहिलं. (सुगंधा म्हणते, दगडाकडे जास्त वेळ पाहिलं.) तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सुगंधा पंचमीला माहेरी आलेली. तिला न्यायला ते पौर्णिमेनंतर येणार होते. ते आले रविवारीच, भर दुपारी, पंगत बसायच्या वेळेला, खांद्याला पिशवी आणि पिशवीत हातोडी. चोपड्याच्या वर सातपुड्यात दगड बघायला निघाले होते, वाटेत सासुरवाडी लागली म्हणून उतरले म्हणे. जावई दारात उभा राहिला की आपल्या लोकांचं काय होतं ते तुम्ही जाणताच. पाय धुवायला पाणी, टॉवेल, पंख्याखालची जागा, सगळे एकदम धावले. आज रोट आहेत, तुम्हाला वेगळं वाढू, हे त्यांना सांगायचं कोणी? मला वाटलं सुगंधाच्या आईने, कमलने सांगितलं असेल, कमलला वाटलं मी सांगितलं असेल. मी तेवढ्यात वाजंत्रीवाल्यांना सोमवारच्या मिरवणुकीची वेळ सांगायला ओट्यावर गेलो. आपला धाकटा कौतिक पाट मांडत होता, त्याने आणखी एक मांडला. (कौतिकला आता नातवंडं झाली, पण कामाची पद्धत तीच आहे.) आणि वाढायला कोण होतं? अक्का! आपल्या यशोदाकाकू, ज्यांनी कुळाचा एकेक नियम तुम्हाआम्हाला चिमटे काढून शिकवला, त्या.

मी आत आलो तेव्हा जयवंतराव रोटाचा दुसरा घास घेत होते.

नाना, कमलच्या हातातली गंगाफळाच्या भाजीची पळी तशीच हवेत राहिली. कौतिकचं भजं खिरीत पडलं. सगळी पंगत तोंडाचा आ करून जावयाकडे बघतेय, आणि जावयाला वाटलं आपलंच काही चुकलं. डाव्या हाताने जेवलो की काय, की सासुरवाडीत हळू खातात ते लोकांना आवडत नाही? म्हणून बिचारे भराभर खायला लागले. आम्ही जेवढे गप्प, तेवढे ते जास्त खाणार. पुरा रोट संपवला, बोटं चाटली, आणि म्हणाले, फारच छान झालंय, याला काय म्हणतात? शेवटी कौतिक बोलला, "दाजी, याले आते काय म्हनवानं नही. व्हई गयं."

आता पहिला उपाय म्हणजे देवीची क्षमा. त्यांना समजेल न समजेल अशा शब्दांत मी एवढंच म्हणालो की, चला, कानबाईला नमस्कार करा. चौरंगापाशी नेलं. माणूस आज्ञाधारक, लगेच गुडघ्यावर बसले, डोकं टेकवलं, आणि टेकवताना एक हात देवीला लागला. लागला तो तिथेच राहिला. उठेनात. आम्हाला वाटलं पश्चात्ताप झाला. कमलने डोळे पुसले. अक्का म्हणाल्या, "पोरगा भाविक शे." मग त्यांनी अंगठ्याने हळदीचा पापुद्रा थोडासा खरवडला, खिशातून भिंग काढलं, आणि देवीच्या अंगाला डोळा लावून बसले. बराच वेळ बसले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, मामा, हे नारळ नाही. हा दगड आहे. आणि पुढच्याच क्षणाला पिशवीकडे हात नेत म्हणाले, जरा हातोडी घेऊ का? फक्त ऐकायचं आहे कसं वाजतं ते.

कौतिकने त्यांचं मनगट धरलं नसतं तर काय झालं असतं याचा मी अजून विचार करू शकत नाही. घरात रडारड सुरू झाली. एका घरात एकाच वेळी दोन आकांत, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आम्ही ओरडतोय की जावयाने रोट खाल्ला, आणि ते आनंदाने की भीतीने कापत ओरडतायत की हे पाम कुळातलं फळ आहे, दगड झालेलं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं! कमलने मिरच्या आणून त्यांच्यावरून ओवाळून टाकल्या. ठसका आम्हाला लागला, त्यांना नाही.

नाना, तुम्हाला आठवतं, लहानपणी कानबाईला डोक्यावर घेऊन बायका ओढ्यापर्यंत जाताना घामाघूम व्हायच्या, आणि आपल्याला सांगितलं जायचं की देवीचं तेज भारी आहे, दर वर्षी थोडी थोडी जड होते? आता कळतंय. नारळ म्हणून जिला आपण बापजाद्यांपासून डोक्यावर नाचवली ती दगड आहे दगड! आपले खापरपणजोबा ती सातपुड्यातून घेऊन आले अशी घरात वार्ता आहे, ते खरंच असणार. जयवंतराव म्हणाले, आपल्या काळ्या दगडाचे थर म्हणजे लाव्ह्याचे लोट. एक लोट थंड झाला की त्यावर तळी साचायची, झाडं उगवायची, मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकायचा. मधे दबलेल्या गाळात कधीकधी झाडं, पानं, फळं कणाकणाने दगड होऊन राहतात. पक्कं काय ते पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण नारळाचं भावंड नक्की, असं त्यांचं म्हणणं. आणि नारळाचं भावंड इथे उगवलं याचा अर्थ तेव्हा आपल्या खानदेशची हवा दमट, उबदार, पाऊस मुबलक. समुद्रही फार लांब नसावा, नर्मदेच्या खोऱ्यात शंखशिंपले निघतात म्हणाले. जिथे आपण वैशाखात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन जीव वाचवतो, तिथे नारळीची बनं!

इथवर मी कसाबसा उभा होतो. पण संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी पुढचं सांगितलं आणि मी खांबाला टेकलो. ती देवी जेव्हा झाडावर होती, तेव्हा हा आपला अख्खा मुलूख इथे नव्हताच. विषुववृत्ताच्या खाली होता, दक्षिणेला, भर समुद्रात! मी म्हणालो, अहो जावईबापू, मुलूख म्हणजे काय होडी आहे का? तर म्हणाले, जवळजवळ तसंच. रात्रीच्या जेवणाची कळण्याची भाकरी टोपलीत होती, ती त्यांनी मागून घेतली. (रोटाची टोपली कमलने आधीच माळ्यावर लपवली होती.) ताटात ती भाकरी ठेवून म्हणाले, हे गोंडवन. आपल्या गोंडांच्या मुलखावरूनच शास्त्रज्ञांनी नाव दिलंय. सगळं एकत्र कुटुंब. मग लागले तुकडे करायला. ही दक्षिण अमेरिका, ही आफ्रिका, हा दक्षिण ध्रुवाचा बर्फाळ खंड, ही ऑस्ट्रेलिया, आणि मधला हा आपण. वाटण्या झाल्या, जो तो आपल्या वाटेने निघाला. आपण निघालो उत्तरेला, आणि जाऊन आशियाला असे धडकलो की मधे हिमालय उभा राहिला.

मी विचारलं, पुरावा काय? (हेडमास्तर माणूस, सहजासहजी मान डोलवणार नाही.) तर म्हणाले, कोळसा. चांदा-वर्ध्याच्या कोळशाच्या खाणींत एका झाडाची जिभेच्या आकाराची पानं दगड झालेली सापडतात. तीच पानं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि त्या बर्फाच्या खंडातही सापडतात. झाडाचं जड बी काही एवढा समुद्र पोहून जात नाही. म्हणजे तेव्हा मधे समुद्र नव्हता. आणि कोळशाच्याही खालच्या थरात, चंद्रपूरजवळ, हिमनद्यांनी घासलेल्या खडकावर ओरखडे आहेत. हिमनद्या! चंद्रपूरला! नाना, मी मे महिन्यात तिथे शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो, पत्र्याच्या शाळेत राहायला होतो, मला काय ते ठाऊक आहे. मी उठून घरात गेलो आणि भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहिलो. पोरांनी लंका जराशी डावीकडे काढली तर मी त्यांना पुन्हा काढायला लावायचो. आता कळतंय की ती खरोखरच इकडे तिकडे फिरत होती. मी त्या नकाशाला हात लावून पाहिला, नाना. मला घाबरायला झालं, खोटं कशाला बोलू.

बाकीच्यांनी मात्र या ज्ञानाचा आपापल्या परीने उपयोग करून घेतला. कौतिकचं बालपण बोदवडच्या मामांच्या घरात गेलं, त्याने गंभीरपणे विचारलं, "मंग बोदवडनं टेसन तव्हय कोठे व्हतं?" आणि जयवंतराव तितक्याच गंभीरपणे म्हणाले, विषुववृत्ताच्या बरंच खाली. शेजारचा झिपरू, ज्याने आमच्या शेताचा बांध दर साली थोडा थोडा आत लोटलाय, तोही ओट्याच्या कडेला बसून ऐकत होता. जमीन त्या काळी वर्षाला जवळपास वीतभर सरकायची एवढं कानावर पडताच उठला आणि चारचौघांत म्हणाला, "मास्तर, आयकं ना? बांध मी नही सरकाया. आपोआप सरकना." आता त्याला काय सांगायचं? आमच्याच जावयाने पुरावा दिलेला.

आणि अक्का? मला वाटलं होतं देवी दगड आहे म्हटल्यावर अक्का अंथरूण धरतील. त्यांनी एवढंच विचारलं की कानबाईचं वय किती म्हणालास? साडेसहा कोटी, जयवंतराव म्हणाले. अक्कांनी पदर सारखा केला, जागेवरून उठल्या, आणि देवीला पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला. "दगड ऱ्हावो का नारळ, आपली शे ना? आनि मन्हापेक्षा मोठी शे." संपलं. त्यांच्या बाजूने भूगर्भशास्त्राचा निकाल लागला.

पण रोटाचा लागला नव्हता. काल सोमवारी कानबाईला ओढ्यावर नेऊन, न्हाऊ घालून परत आणली (चौरंग यंदा सगळ्यांनी जपून उचलला, जयवंतराव सगळी वाट खाली हात धरून चालत होते, पडली तर झेलायला), आणि दुपारी भाऊबंद ओट्यावर बसले. वाद असा. जावयाने रोट खाल्ला, तेव्हा जावई भाऊबंद झाला. सुगंधाने खाल्ला नाही, पण ती जन्माने या घरची. दोघं एका कुळाची झाली म्हणजे भाऊबहीण झाली. भाऊबहिणीचा संसार कसा चालायचा? नाना, मी हसून सोडून देणार होतो. पण म्हाताऱ्यांचे चेहरे बघितले आणि माझ्या पायाखालची जमीन पुन्हा सरकली, या वेळी हिमालय वगैरे काही उभा न करता. अक्कांनी हुकूम दिला, निकाल लागेपर्यंत सुगंधा माझ्या खोलीत निजेल आणि जावई ओट्यावर. दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असं.

आणि परवा गुरुवारी पौर्णिमा. रोट संपवायची मुदत, आणि नाना, राखीपौर्णिमाही तीच! तोवर निकाल लागला नाही तर सुगंधाने जयवंतरावांना राखी बांधायची आणि पुढे भावासारखं मानायचं, असं ठरलंय. कौतिक धावत जाऊन राखी घेऊनही आला. स्पंजची, बशीएवढी, मधे सोनेरी फूल. ती देवळीत ठेवली आहे, येता जाता दिसते.

जयवंतरावांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांची जी स्थिती झाली ती मी विसरणार नाही. साडेसहा कोटी वर्षं, खंडांच्या वाटण्या, चंद्रपूरचा बर्फ, सगळं शांतपणे सांगणारा माणूस. एक रोट त्याला पचेना. पुन्हा पुन्हा विचारतात, मामा, पण हे नक्की कशाच्या आधारावर? आधार मागतात! मी म्हणालो, तुमच्याकडे जशी पानं तशी आमच्याकडे मूठ. काल ते दिवसभर ओट्याच्या पायरीवर भिंग पुसत बसले होते. सुगंधा आतून चहा पाठवते, तो कमलने नेऊन द्यायचा, आणि कप परत आला की त्यात साखर पुरली का हे ती मोठ्याने विचारते, आणि ते ओट्यावरून मोठ्याने "हो" म्हणतात. ऐकणारे हसतात. मला हसू येत नाही, नाना. लग्नानंतरचा तिचा पहिला श्रावण. पोरीचा चेहरा मला बघवत नाही. मला भीती वाटते आहे की या खुळ्या कारणावरून ती घरी येऊन बसेल आणि आम्ही सगळे शहाणे नियम सांगत राहू.

अखेर काल दिवेलागणीला अक्कांनी वाट काढली. त्यांनी टोपलीतले रोट मोजले आणि विचारलं, जावयाच्या ताटात पडला तो कोणाच्या नावाचा? माझा मी खाल्ला, कौतिकचा कौतिकने, ज्याचा त्याने. हिशेबात उरला एक. नाना, तो तुमचा होता. तुम्ही धुळ्याला गेलात, बोलणं बंद झालं, पण तुमच्या नावाची सव्वा मूठ या घरात एकदाही चुकली नाही. अक्का आधी तुमची काढतात, मग माझी. (वडीलकी.) आता अक्कांचा निवाडा असा की, जावयाने तुमच्या वाटचा रोट खाल्ला. तुम्ही स्वतः येऊन, कानबाईसमोर उभं राहून, "माझा वाटा मी जावयाला पाहुणचार म्हणून दिला" एवढं एक वाक्य बोललात, तर तो रोट रोट राहत नाही, चुलतसासऱ्याने जावयाला घातलेलं जेवण होतं. जावई जावईच राहतो आणि स्पंजची राखी कौतिकच्या मनगटावर जाते. निरोप चालणार नाही, पत्र चालणार नाही, माणूस समोर हवा. मी खूप समजावलं की नाना येणार नाहीत. अक्का म्हणाल्या, लिही.

म्हणून लिहिलं. राग माझ्यावर असेल तर तो आल्यावर काढा, ओट्यावर, चारचौघांत काढा, मी मान खाली घालून ऐकतो. पण गुरुवारी सकाळची गाडी पकडा. वना तुमच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवणार आहे, आणि उतरताना हात देईन म्हणालाय.

वहिनींना नमस्कार. लहानांना माझ्या नावाने गालगुच्चा. तुमच्या पायांवर दुसऱ्यांदा डोकं ठेवून (पहिल्यांदा ठेवलेलं अजून उचललेलं नाही) पत्र आवरतो.

तुमचाच,
लोटन

ता. क. : येताना रानबाई आणावी. जयवंतरावांना ती बघायची आहे. आपल्या कानबाईच्या एका कुशीला तुटल्यासारखी सपाट बाजू निघाली आहे, हळदीच्या पुटाखाली दडलेली. ते म्हणतात हिच्या शेजारी दुसरं फळ चिकटलेलं असणार, एकाच घडातलं. मला एकदम आठवलं, लहानपणी रानबाई चौरंगावर कधीच सरळ बसायची नाही, कानबाईच्या अंगावर कलायची, आणि तुम्ही तिच्या खाली तांदूळ सारायचात. समुद्राच्या अलीकडचा आणि पलीकडचा दगड जुळला की तो पुरावा धरतात म्हणे. दोघी एका चौरंगावर ठेवून बघू. लखनौला दगड झालेल्या झाडापानांची संस्था आहे, तिथे नेऊन काप काढायचा की नाही हेही तुम्हीच वडील म्हणून ठरवायचं, तोपर्यंत अक्का हातोडीवर बसून आहेत. (खरोखरच. पाटाखाली ठेवली आहे.)

दुसरा ता. क. : हे फक्त तुम्हाला म्हणून लिहितो. पाकीट बंद करता करता मी अक्कांना एकांतात विचारलं की, सगळे नियम तुमच्या तोंडपाठ, तरी जावयाच्या ताटात रोट गेला कसा? डोळ्यांना कमी दिसायला लागलंय का? तर हळूच हसल्या. म्हणाल्या, "मन्हा डोया चांगला शेतस. मंग अभिमनले आठे कोन आनतं?" नाना, मी इतका हादरलो आहे की साडेसहा कोटी वर्षं आता काहीच वाटत नाहीत. सुगंधाला आणि जयवंतरावांना हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी अक्का आपला निवाडा फिरवायच्या नाहीत. तुम्हीही मी सांगितल्याचं दाखवू नका.

तिसरा ता. क. (वना खाली हॉर्न वाजवतोय) : पोटाचं लिहायचं राहिलं. रोट पौर्णिमेच्या आत संपायला हवेत आणि परक्याला द्यायचे नाहीत, मग इतकी वर्षं तुमच्या नावाचा रोट कोणी संपवला असेल? मीच. आधी माझा, वरून तुमचा. म्हणून श्रावणात पोट दुखायचं. यंदा तो पहिल्यांदाच दुसऱ्याने खाल्ला, पोट हलकं आहे, पण रविवारी ताटात तुमचा रोट नव्हता तर मला माझाही धड गोड लागला नाही. पुढच्या वर्षीपासून तुमचा तुम्ही खा.